गुन्ह्याचे वय

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या दिवशी चोरीमारीचा विषय काढावा, हे मलाही फारसे बरे वाटत नाही. परंतु आपल्या चिटणीसबाईंनी आग्रहच धरला, आणि त्याचे कारण तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. गेल्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात आपल्या सभागृहाच्या मागच्या खिडकीचा गज वाकवून शिवणयंत्राचे डोके, दोन पितळी समया आणि हळदीकुंकवाला वाटण्यासाठी आणून ठेवलेल्या स्टीलच्या वाट्यांचा खोका पळवला गेला. चार दिवसांत पोलिसांनी तिघांना धरले. मोठा १७ वर्षांचा, मधला १६ चा, धाकटा १४ चा. त्यांतले दोघे आपल्याच संध्याकाळच्या अभ्यासिकेत येऊन बसणारे. त्यांची नावे मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. कायद्यानेच ती मनाई केली आहे. त्यानंतर कार्यकारिणीपुढे अशी सूचना आली, की नाल्यापलीकडच्या वस्तीतील मुलांसाठी अभ्यासिका बंद करावी. येत्या रविवारी तिच्यावर मते घ्यायची आहेत. मी तीन वर्षे बाल न्याय मंडळावर समाजकार्यकर्ती सदस्य म्हणून काम केले असल्यामुळे मते घेण्यापूर्वी मी चार गोष्टी सांगाव्या, असे ठरले.

प्रथमच सांगून टाकते, मी त्या मुलांची वकील म्हणून उभी नाही. मी त्या कामावर असतानाच एके दिवशी पहाटे अंबाझरीकडे फिरायला गेले असता मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी माझ्या गळ्यातील मंगळसूत्र ओढून नेले. मानेवर आठ दिवस वळ होता. त्या दिवशी अकरा वाजता मी कामावर गेले आणि समोर उभ्या राहिलेल्या प्रत्येक मुलाच्या हाताकडे पाहत राहिले. राग म्हणजे काय हे मला चांगले कळते. ज्या भगिनींनी ती सूचना आणली, त्यांच्यावर माझा काडीचाही रोष नाही.

परंतु रागाच्या भरात आपण एक गोष्ट विसरतो, ती अशी की गुन्ह्याला वय असते. १८३१ साली अडोल्फ केतले नावाच्या बेल्जियमच्या एका विद्वानाने फ्रान्समधील न्यायालयांचे आकडे वयाप्रमाणे मांडून पाहिले. गृहस्थ मूळचे गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांचे वेध घेता घेता माणसांचे वेध घेऊ लागले. त्यांना असे आढळले की गुन्ह्याकडचा ओढा मिसरूड फुटण्याच्या सुमारास झपाट्याने चढतो, पंचविशीच्या आसपास कळसाला पोचतो आणि पुढे उतरत जातो. आपल्या नागपूरच्या उन्हासारखेच हे आहे. चैत्रात चढू लागते, मे महिन्यात अंगाची लाही करते, आणि मृगाच्या सरी आल्या की तेच आभाळ सौम्य होते. केतले यांच्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे झाली. देशोदेशी पुन्हा पुन्हा आकडे मांडले गेले. कळस कुठे थोडा अलीकडे, कुठे थोडा पलीकडे. पण चढ आणि उतार मात्र तोच. किरकोळ चोऱ्या, तोडफोड, मारामाऱ्या या लवकरच्या वयाच्या. खोट्या सह्या, अफरातफर, पतपेढीचे पैसे खाणे ही कामे पुढच्या वयाची. कारण त्यांना हाती किल्ल्या लागतात, आणि किल्ल्या कुणी सोळा वर्षांच्या पोराच्या हाती देत नाही.

आपल्या देशाचे आकडेही सांगते, म्हणजे भीतीला माप मिळेल. २०२२ साली भारतात अठरा वर्षांखालील मुलांवर ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी देशातील एकंदर नोंदलेले गुन्हे होते ५८ लाखांवर. म्हणजे दर २०० गुन्ह्यांत एखादा मुलांचा. महाराष्ट्र या यादीत वरच्या रांगेत आहे, हेही लपवून ठेवत नाही. पकडलेल्या मुलांत दर १०० पैकी ७५ हून अधिक १६ ते १८ या दोन वर्षांतली असतात. आणि आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला पहिल्यांदा वाचली तेव्हा खरी वाटेना: यांतली बहुतेक मुले अनाथ नसतात, रस्त्यावर वाढलेली नसतात. दर दहांपैकी आठांहून अधिक आईबापांजवळ घरी राहणारी असतात. रात्री आईच्या हातची भाकरी खाऊन झोपणारी.

अठरा उलटल्यावरही चढ लगेच संपत नाही. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसे होती. त्यांतले दर चारांपैकी तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. आणि या कच्च्या कैद्यांत निम्म्याच्या जवळपास १८ ते ३० वर्षांचे तरुण. वर्धा रोडवरून जाताना आपल्या मध्यवर्ती कारागृहाची भिंत दिसते ना, त्या भिंतीपलीकडे पिकल्या केसांचे दरोडेखोर बसले असतील अशी माझी लहानपणी कल्पना होती.

बाल न्याय मंडळाच्या कामात वय ही केवढी मोठी गोष्ट असते, हे मला तिथे बसल्यावर कळले. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांत निदान एक स्त्री असावी लागते. मुलाला ‘आरोपी’ म्हणायचे नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणायचे. हेतू फार चांगला, पण तो शब्द ऐकून कित्येक आया घाबरून विचारीत, “बाई, माझ्या पोट्ट्याला हा कोणता रोग झाला?” तर वयाचे सांगत होते. मुलगा अठराच्या आत की बाहेर, यावर त्याचे सारे पुढचे आयुष्य फिरते. आतला असेल तर निरीक्षणगृह, परिवीक्षा अधिकारी, समुपदेशन, फार तर तीन वर्षे विशेष गृह. बाहेरचा असेल तर मोठ्यांचे न्यायालय आणि मोठ्यांचा तुरुंग. शाळेचा दाखला पुरावा म्हणून प्रथम पाहतात. तो नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. आता आपल्याकडचे शाळेचे दाखले कसे असतात? आई म्हणते, “पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला, लई पाऊस होता.” आणि दाखल्यावर लिहिलेले असते १ जुलै. पहिलीत नाव घालताना तारीख कुणाला माहीत नसे, म्हणून मास्तरांनी वर्गातल्या अर्ध्या मुलांना १ जुलै किंवा १ जून ही जन्मतारीख बहाल केलेली. कुणाला वर्ष वाढवून, कुणाला कमी करून. एका मुलाच्या बाबतीत घटनेची तारीख आणि दाखल्यावरची अठरावी यांत अकरा दिवसांचे अंतर होते. मास्तरांच्या लेखणीने त्याला वाचवले. दुसऱ्या एकाला तिनेच बुडवले असेल, पण तो आमच्यापुढे आलाच नाही, म्हणून मला ठाऊक नाही.

ही रेघ कुठे ओढावी यावर वाद फार जुना आहे. आपले नागपूर मध्यप्रांताची राजधानी असताना, १९२८ साली, त्या प्रांताने मुलांचा कायदा केला आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी बोर्स्टल शाळेचाही कायदा केला. ती शाळा नरसिंहपूरला होती. म्हणजे पोरांना मोठ्या कैद्यांत टाकू नये हे शहाणपण आपल्याकडे काही कालपरवा आलेले नाही. १९८६ च्या कायद्यात मुलगा १६ पर्यंत आणि मुलगी १८ पर्यंत बालक मानली जाई. २००० साली दोघांनाही १८ झाले. पुढे डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीला जे घडले, त्यातील एकजण १८ ला काही महिने कमी होता. देश खवळला, ते साहजिकच होते. न्यायमूर्ती वर्मा समितीने वय खाली आणू नये असे सांगितले होते. तरीही २०१५ चा कायदा आला, आणि १६ ते १८ च्या मुलावर अतिगंभीर गुन्हा असेल तर प्राथमिक चौकशी करून त्याला मोठ्यांप्रमाणे चालवता येईल अशी तरतूद झाली. मला स्वतःला ती पटलेली नाही, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

याहूनही वाईट एक रेघ आपल्या देशात होती. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून काही जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढे आपल्याकडच्या पारध्यांसारख्या कित्येक जमाती त्या शिक्क्याखाली आल्या. त्या कायद्यातून ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या सुटल्या. शिक्का मात्र पुष्कळांच्या मनात राहिला. आपल्या कार्यकारिणीतसुद्धा, वाईट वाटून घेऊ नका, कुणीतरी बोलून गेले, “त्या वस्तीच्या रक्तातच आहे.” मी त्यावर एवढेच विचारते: रक्तातले असते तर ते पंचविशीनंतर उतरले कसे असते? रक्त तर तेच राहते. पोरगा तिशीला येतो, ऑटो चालवू लागतो, मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घालतो आणि पोलीस दिसला की रस्ता बदलत नाही. माझ्यापुढे आलेल्यांपैकी दोन-तीनजण मला पुढे असे भेटले. एकाने तर भाडे घेतले नाही. मी बळेच त्याच्या हातात कोंबले.

मग त्या वयात होते तरी काय? एक म्हणजे एकटा मुलगा सहसा काही करीत नाही. तीन वर्षांत मी एक प्रश्न ठरवून विचारीत असे: “हे करायचे पहिल्यांदा कुणी म्हटले?” आणि तीनचार मुले एकमेकांकडे बघत. लबाडीने नव्हे; खरोखरच त्यांना आठवत नसे. पानठेल्यावर खर्रा घोटून घेताना कुणीतरी काहीतरी बोलले, कुणीतरी हसले, आणि मग मागे हटणारा भित्रा ठरला असता. अमेरिकेत यावर एक साधा प्रयोग झाला. २००५ साली तो प्रसिद्ध झाला. मुलांना आणि मोठ्यांना गाडी हाकण्याचा पडद्यावरचा खेळ दिला. एकटे असताना मुलेही बरीच सांभाळून हाकीत. मित्र शेजारी येऊन उभे राहताच मुलांचा धोका पत्करण्याचा प्रकार एकदम वाढला. मोठ्या माणसांना मित्र असले काय नि नसले काय, सारखेच. मेंदूचा जो भाग ‘थांब जरा’ म्हणतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पिकत असतो, असे शास्त्रज्ञ सांगतात.

आणि हे काही गरिबाच्याच पोराला लागू आहे असे नाही. मे २०२४ मध्ये पुण्याला एका श्रीमंत घरच्या १७ वर्षांच्या मुलाने मित्रांसमवेत पार्टी करून मध्यरात्री महागडी मोटार भरधाव सोडली आणि दोन तरुण जीव गेले. त्याला आधी जो जामीन मिळाला, त्याच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता, हे तुम्ही सर्वांनी वाचले आहे. वय तेच, मित्रही तसेच. हाती मोटार आहे की खिडकीचा गज, एवढाच फरक. त्या घरांतील मुलांसाठी कुणी अभ्यासिका बंद करा म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता उतार कशाने येतो ते सांगते. आणि इथे बायकांनी कान देऊन ऐकावे, कारण इथेच आपण चुकतो.

अमेरिकेत बोस्टन शहरी ग्लूक नावाच्या पतिपत्नींनी सुधारगृहातल्या ५०० मुलांचा अभ्यास केला होता. त्याचे कागद पुढे हार्वर्डच्या कायद्याच्या ग्रंथालयात तळघरात खोक्यांत पडून होते. पुष्कळ वर्षांनी सॅम्पसन आणि लॉब या दोघांनी ते उघडले आणि ती मुले पुढे कशी जगली, ते सत्तराव्या वर्षापर्यंत शोधून काढले. काही तर वारले होते. ५२ म्हाताऱ्यांना गाठून त्यांच्याशी बोलले. सुधारगृहातली ती मुले. पण वय वाढले तसे जवळजवळ सर्वांचेच गुन्हे घटत गेले. ज्यांना टिकाऊ काम मिळाले, जे सैन्यात गेले, ज्यांचा संसार जमला, ते लवकर बाजूला झाले.

संसार जमला, हे ऐकताच आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांचा चेहरा खुलतो. “बघा, आम्ही म्हणत नव्हतो? दोनाचे चार हात करून द्या, येतो ठिकाणावर!” नाही, भगिनींनो. त्या विद्वानांनी नुसत्या लग्नाचे नाव घेतलेले नाही. जमलेल्या लग्नाचे घेतले आहे. बायकोबद्दल जिव्हाळा असेल, घर सांभाळावेसे वाटत असेल, तर माणूस बदलतो. मंगलाष्टके म्हटल्याने नव्हे. मी कामावर असताना बाहेरच्या बाकड्यावर एक मुलगी बसलेली असे. एकोणीसच्या आसपासची, कडेवर तान्हे मूल. नवऱ्याने सतरा वर्षांचा असताना केलेल्या गुन्ह्याचे प्रकरण तो एकवीसचा झाला तरी चालूच होते. तिला लग्नाआधी काहीच सांगितलेले नव्हते. ती मला म्हणाली, “बाई, सासू म्हणे, तू आली म्हणजे सुधरंल. मी का दवा आहो का?” तिला काय उत्तर द्यावे, हे मला अजून सुचलेले नाही. बिघडलेल्या मुलाला औषध म्हणून दुसऱ्याची मुलगी घरात आणणे, याला कोणत्याही दंडसंहितेत कलम नाही. असायला हवे होते.

आणि कलमांचाच विषय निघाला आहे तर आपल्याही वयाचा एक गुन्हा आहे, तो सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. स्त्रिया तुरुंगात फार थोड्या, शंभरांत चारच्या आसपास. पण त्यांचे वय पाहा. पुरुषांप्रमाणे विशीत गर्दी नाही. निम्म्याच्या आसपास स्त्रिया ३० ते ५० या वयाच्या. आणि पन्नाशीच्या पुढच्या बायका ज्या कारणाने हमखास आरोपीच्या पिंजऱ्यात दिसतात, ते कारण आपल्या सर्वांना पाठ आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, सुनेच्या छळाचे कलम १९८३ चे, हुंडाबळीचे १९८६ चे. दिल्लीच्या तिहार तुरुंगात एक बराक ‘सासवांची’ म्हणून प्रसिद्ध होती. जी बाई चाळीस वर्षे कुणाच्या अध्यात ना मध्यात, तिच्या हातून हे त्याच वयात का व्हावे? कारण तेव्हाच तिच्या हाती पहिल्यांदा कुणावर तरी सत्ता येते. किल्ल्यांचेच हे दुसरे रूप म्हणा. त्या मुलांच्या वस्तीकडे बोट दाखवताना मला ही बराक आठवते.

सगळेच थांबतात असे मात्र मी म्हणणार नाही. फिलाडेल्फिया शहरात १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलांची नोंद ठेवून पाहिली, तेव्हा त्यांतल्या ६२७ जणांनीच एकंदर गुन्ह्यांतले निम्म्याहून अधिक केलेले निघाले. अशी थोडी माणसे असतात. लहानपणीच सुरू होतात आणि उतार त्यांना लवकर लागत नाही. या शहराने तशी माणसे पाहिलेली आहेत, आणि वस्तीतल्या बायकांनी त्यांच्यामुळे काय भोगले तेही पाहिले आहे. त्यांच्यापासून संरक्षण मागायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. अडचण एवढीच, की चौदाव्या वर्षी दारात उभा असलेला मुलगा त्या थोड्यांतला की पुष्कळांतला, हे तिथे बसून मला कधी ओळखता आले नाही.

पण आपल्याच गावात दुसरेही एक घडलेले आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी एका पावसाळी दिवशी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटकी बादली पायाने उडवत खेळताना पाहिले, आणि २००१ पासून त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. त्यावर २०२२ साली नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’ हा चित्रपट काढला, तो तुम्ही पाहिला असेल. चित्रपटात थोडे तिखटमीठ असणारच. पण त्या मुलांपैकी एकजण, टोळीच्या नादी लागलेला आणि पोलिसांना चुकवत फिरणारा, खरोखरच २०१० साली रिओ-दि-जानेरोला बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार म्हणून उतरला, आणि २०१४ साली त्याने आपली कहाणी दूरचित्रवाणीवर स्वतःच्या तोंडाने सांगितली. चेंडूत काही जादू नसते. संध्याकाळी पाच ते आठ हे तीन तास आणि सोबतचे चार मित्र, एवढेच बदलले. ते वय धोक्याचे असते ते याच तासांत.

आपली अभ्यासिका पाच ते आठच उघडी असते. ती बंद केली तर मुले घरी जाऊन पाढे म्हणत बसतील, असे कुणाला वाटते का?

आता उरलेला हिशेब. समया परत मिळाल्या. आज दीपप्रज्वलन झाले ती त्यांतलीच एक, तिची वरची चकती थोडी वाकली आहे. वाट्या निम्म्या मिळाल्या. शिवणयंत्राचे डोके मिळाले नाही, मिळेल असेही वाटत नाही. ज्या भंगारवाल्याने ते घेतले, तो पन्नाशीचा गृहस्थ आहे. आपल्या शिवणवर्गातल्या आठ बायकांचे सहा महिन्यांचे काम त्यामुळे बुडाले, ते नुकसान खरे आहे आणि त्याबद्दल त्या मुलांनी काहीतरी करून द्यावे हे माझेही मत आहे. खिडकीला नवा गज बसवलाच पाहिजे; त्यासाठी मी माझी वर्गणी चिटणीसबाईंकडे दिली आहे.

मते रविवारी दुपारी चार वाजता आहेत. अभ्यासिका चालू ठेवायची ठरली, तर आजवर किल्ली एकट्या शिपायाकडे असे, ते चालणार नाही. रोज संध्याकाळी आपल्यापैकी दोघींनी तिथे बसले पाहिजे. सोमवार ते शनिवार मिळून बारा जणी लागतील. दिवसांची वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. मंगळवार मी घेतला आहे, दुसरी जागा मोकळी आहे.